चूल न पेटवता चरबी उतरवायची तर

दोन वर्षं मी अशा खोलीत राहत होते जिथे गॅस नव्हता. पाणी तापवायची किटली, गुडघ्याएवढा फ्रिज आणि एक टेबल, ज्यावर लॅपटॉप आणि जेवण आळीपाळीने मांडलं जायचं. वजन वाढायला लागलं तसा ज्याने त्याने एकच सल्ला दिला: घरचं खात जा. ज्याच्याकडे चूल नाही, वेळ नाही किंवा स्वयंपाकाची इच्छाच नाही, त्याला हा सल्ला देणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला ‘बुडू नकोस’ सांगण्यासारखं आहे.

मग मी विचार केला की घरच्या जेवणात असं असतं तरी काय? एवढंच, की कढईत तेल किती पडलं हे शिजवणाऱ्याला दिसतं. चरबी कमी व्हायला अन्न आपल्या हातचं असावं लागत नाही. त्यात तेल, साखर आणि प्रथिनं किती गेली, याचा अंदाज मात्र आपल्याला असावा लागतो. म्हणून माझी पद्धत अशी: दिवसातली दोन जेवणं शिजवायची नाहीत, जुळवायची. तिसरं खुशाल बाहेरचं घ्यायचं आणि आपलं सगळं लक्ष त्या एका जेवणातल्या तेलावर ठेवायचं.

सुरू करण्याआधी एक गोष्ट. गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल, वय अठराच्या आत असेल, मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा पूर्वी कधी खाण्याशी तुमचं भांडण झालेलं असेल (उपाशी राहणं, अधाशासारखं खाऊन उलटी काढणं), तर आधी डॉक्टरांशी बोला. इन्सुलिन चालू असताना जेवण अचानक कमी केलं तर साखर धोक्याच्या खाली जाऊ शकते, आणि मूत्रपिंडाच्या आजारात प्रथिनं किती खायची हे डॉक्टरच ठरवतात.

पायरी १: खाण्याला हात लावण्याआधी एक आठवडा नुसतं मोजा

वजनकाटा आणि शिंप्याकडे असतो तसा कापडी टेप, एवढंच सामान लागतं. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन घ्या, लिहा आणि विसरून जा. आठवड्याच्या शेवटी सात आकड्यांची सरासरी काढा. तुमचं वजन म्हणजे ती सरासरी. एकेका दिवसाच्या आकड्याला काही अर्थ नसतो.

असं का, हे एकदा समजून घेतलंत तर पुढचा निम्मा मनस्ताप वाचेल. यकृत आणि स्नायू मिळून ग्लायकोजेनच्या रूपात साखरेचा सुमारे अर्धा किलोचा साठा बाळगतात, आणि त्यातला प्रत्येक ग्रॅम आपल्यासोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. खाणं कमी केलं की आधी हा साठा उतरतो आणि त्याच्याबरोबर पाणीही जातं. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरल्याचा जो जल्लोष होतो, तो बहुतेक या पाण्याचा असतो. उलट रात्री खारट खाल्लं की सकाळी काटा किलोभर वर. पाळीच्या आधीही तसंच होतं. चरबी एका रात्रीत ना येते ना जाते.

टेप आठवड्यातून एकदाच. श्वास सहज सोडून, नाभीच्या पातळीवर, पोट आत न ओढता. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हे लक्षात ठेवायला सोपं माप आहे. उंची १६५ सेंमी असेल तर घेर ८२ च्या आसपास किंवा त्याखाली. स्नायू टिकवून चरबी गेली तर कधी कधी काटा हलत नाही पण टेप सैल होतो, म्हणून दोन्ही हवेत.

पायरी २: एकदाच गणित करा

शरीराला पडून राहायला किती ऊर्जा लागते हे काढायचं मिफलिन आणि सेंट जिओर यांचं १९९० सालचं सूत्र आजही वापरात आहे. वजन (किलो) गुणिले १०, अधिक उंची (सेंमी) गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. पुरुष असाल तर त्यात ५ मिळवा, स्त्री असाल तर १६१ वजा करा.

उदाहरण घेऊ. ३४ वर्षांची स्त्री, उंची १६५, वजन ७८ किलो. ७८० अधिक १,०३१, वजा १७०, वजा १६१, म्हणजे १,४८० कॅलरी. काम बैठं असेल तर याला १.४ ने गुणायचं: सुमारे २,०७०. एवढं खाल्लं तर वजन जागेवर राहील. यातून साडेचारशे-पाचशे कमी करा. तिचा रोजचा आकडा झाला १,६००.

एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. रोज ४७० ची तूट म्हणजे आठवड्याला चारशे-सव्वाचारशे ग्रॅम चरबी. ऐकायला किरकोळ वाटतं. पण तीन महिन्यांत पाच किलो, आणि तीही खरोखर चरबीच. घाई असलेल्यांनी वजनाच्या एक टक्क्यापर्यंत दर आठवड्याला जायला हरकत नाही. त्यापुढे गेलं की स्नायूही झिजायला लागतात आणि माणूस चिडचिडा होतो. दिवसाला ८०० कॅलरींच्या आतलं खाणं डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करायचंच नाही.

हा आकडा म्हणजे अंदाज आहे. खरं उत्तर तीन आठवड्यांनी तुमचा काटाच देईल.

पायरी ३: प्रथिनांचं माप ठरवा

तूट असताना शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खातं. ते थांबवायचे दोन उपाय: पुरेशी प्रथिनं आणि स्नायूंना काम. ज्या वजनाला पोचायचं आहे त्याच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं धरा. आपल्या उदाहरणातल्या बाईंना ६५ किलोवर यायचं असेल तर १०० ग्रॅमच्या आगेमागे.

प्रथिनांनी पोटही जास्त वेळ भरलेलं राहतं. शिवाय १०० कॅलरींची प्रथिनं खाल्ली तर त्यातल्या २० ते ३० ती पचवण्यातच खर्च होतात. कर्बोदकांत हा खर्च ५ ते १०, आणि तेलातुपात जेमतेम ३.

न शिजवता खाणाऱ्याची खरी पंचाईत इथेच होते. शिजवावी न लागणारी जी वस्तू चटकन हाताला लागते, ती बहुतेक साखर, मैदा किंवा तेल असते. बिस्किटं, पाव, चिप्स, फळांचा रस, दाणे. मी सुरुवातीला याच सापळ्यात अडकले होते. ‘कच्चं ते चांगलं’ असं मनाशी धरून महिनाभर फळं, बाटलीतले रस आणि बदाम यांवर काढला. कंबर तसूभर कमी झाली नाही. नंतर स्वयंपाकघरातला छोटा काटा आणला आणि रोज घेते तशी बदामांची ‘मूठ’ त्यावर ओतली: ५८ ग्रॅम. म्हणजे सुमारे ३३५ कॅलरी. अशा मुठी दिवसाला दोन, कधी तीन. बदामांचं काही चुकलं नव्हतं, माझी मूठ मोठी होती.

पाकिटामागचा तक्ता वाचायची माझी एक युक्ती आहे. १०० ग्रॅममागे प्रथिनं किती ते बघा, त्याला दहाने गुणा. उत्तर कॅलरीच्या आकड्याएवढं किंवा त्याहून जास्त आलं तर ती वस्तू प्रथिनांसाठी घ्यायची. फार मागे पडलं तर नाही. मलई काढलेलं घट्ट दही, जे ग्रीक योगर्ट म्हणून मिळतं: प्रथिनं १०, म्हणजे १००, आणि कॅलरी साठ. पास. पाण्यातली डबाबंद ट्यूना: २५, म्हणजे २५०, कॅलरी ११० च्या आसपास. पहिला नंबर. शेंगदाणे: २५, म्हणजे २५०, पण कॅलरी ५६७. नापास. ते चवीला घ्या, प्रथिनांच्या नावाखाली नको. अंडं किंचित मागे पडतं, पण फार नाही, म्हणून काठावर पास: एका मोठ्या अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ६०, आणि ७२ च्या आसपास कॅलरी. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत ‘हाय प्रोटीन’ लिहिलेल्या बिस्किटांना ही परीक्षा लावून बघा, करमणूक होईल.

पायरी ४: दोन जेवणं जुळवा

सकाळची बरणी. रुंद तोंडाची काचेची बरणी घ्या. रात्री तिच्यात ४० ग्रॅम ओट्स, २०० ग्रॅम बिनसाखरेचं घट्ट दही आणि ओट्स बुडतील इतकं पाणी घालून ढवळा. पहिल्यांदा ते लगद्यासारखं दिसेल, घाबरू नका. झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी ओट्स पाणी पिऊन फुगलेले असतात, चमचा उभा राहील इतकं दाट झालेलं असतं. वरून एक फळ चिरून टाका, आवडत असेल तर चिमूटभर दालचिनी. ३८० च्या आसपास कॅलरी, २५ ग्रॅम प्रथिनं. बाजारातले चपटे ओट्स गिरणीत आधीच वाफवलेले असतात, त्यामुळे नुसते भिजवून खायला हरकत नाही. गोड मात्र फळापुरतंच. पाकिटातले ‘फ्लेवर’वाले ओट्स घेतलेत तर साखर तुमच्या आधी बरणीत जाऊन बसलेली असते.

दुपारचा वाडगा. यात चार गोष्टी हव्यात, पाचवी चवीला. प्रथिनं: १२० ग्रॅम निथळलेली ट्यूना, नाहीतर विकत मिळणारी उकडलेली तीन अंडी, नाहीतर टोफू, नाहीतर शिजवलेल्या कोंबडीचे तयार तुकडे. मग अर्धा डबा शिजवलेलं कडधान्य, चाळणीत ओतून नळाखाली धुतलेलं; त्या चिकट पाण्याबरोबर बरंच मीठही जातं. मग मूठभर नव्हे, ओंजळभर कच्च्या भाज्या: काकडी, टोमॅटो, गाजर, कोबी, पालेभाजी. मग पावाचा एक तुकडा. चवीला लिंबू, मिरपूड आणि मोजून एक लहान चमचा तेल. मोजून म्हणजे चमच्यानेच, बाटली तिरकी करून नाही. लहान चमच्यात ४० कॅलरी असतात. तिरक्या बाटलीत किती ते कोणालाच ठाऊक नसतं. ट्यूना घेतली तर हा वाडगा ४३० च्या आसपास जातो आणि प्रथिनं ४० ग्रॅम. मासे-अंडी न खाणाऱ्यांनी टोफू वाढवावा, कडधान्याचा अख्खा डबा घ्यावा, आणि तरीही माप भरत नसेल तर व्हे किंवा सोयाच्या प्रथिनांची भुकटी पाण्यात कालवून घ्यावी. एका मापात साधारण २४ ग्रॅम प्रथिनं मिळतात. भुकटीला लोक उगाच बिचकतात; व्हे म्हणजे दूध नासल्यावर राहणाऱ्या पाण्यातली प्रथिनं.

दोन जेवणांत ८०० हून थोड्या जास्त कॅलरी आणि ६५ ग्रॅम प्रथिनं झाली. १,६०० पैकी निम्म्या कॅलरी अजून हातात आहेत. संध्याकाळचं बाहेरचं जेवण साडेसहाशेचं धरलं तरी एक फळ आणि पेलाभर दुधाला जागा उरते.

रोज तेच तेच खाऊन कंटाळा नाही येत? येतो, थोडा. पण सकाळी काय खायचं हे ठरवावं लागत नाही, हा आराम त्या कंटाळ्यापेक्षा मोठा आहे. माझं निरीक्षण असं की माणूस भुकेने कमी आणि ‘आता काय खाऊ’ या प्रश्नाने जास्त घसरतो. फळ बदला, मिरपुडीच्या जागी मोहरीची चटणी घ्या, सांगाडा तोच ठेवा.

न शिजवण्यातले धोके. सुकी कडधान्यं नुसती भिजवून वाडग्यात घालू नका. विशेषतः लाल राजमा कच्चा किंवा अर्धवट शिजलेला खाल्ला तर त्यातल्या लेक्टिन नावाच्या प्रथिनामुळे काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. डब्यातला राजमा कारखान्यात पूर्ण शिजवलेला असतो, तो सुरक्षित. कच्चे मोड दमट उबेत वाढतात, जीवाणूंनाही नेमकी तीच हवा मानवते. गरोदरपणात किंवा प्रतिकारशक्ती कमी असताना ते टाळा. कच्ची अंडी फेटून पिण्याचा पराक्रम करू नका, साल्मोनेलाचा धोका आहे आणि कच्च्या पांढऱ्यातली प्रथिनं नीट पचतही नाहीत. फ्रिज ५ अंशांच्या आत ठेवा. उघडलेला डबा तसाच फ्रिजमध्ये न ठेवता उरलेलं काचेच्या भांड्यात काढा. कोणतंही शिजलेलं अन्न दोन तासांहून जास्त बाहेर राहिलं असेल तर त्याचा मोह सोडा.

पायरी ५: बाहेरचं जेवण

इथे खरी लढाई आहे, म्हणून जरा थांबू.

एकदा रश्श्यातली भाजी मागवली होती. झाकण काढल्यावर वर लाल तवंग दिसला, आणि काय मनात आलं कोण जाणे, डब्याच्या एका बाजूखाली वही सरकवून ठेवली. दहा मिनिटांत तेल खालच्या कोपऱ्यात जमलं. चमच्याने ते अलगद वाटीत काढलं आणि वाटी काट्यावर ठेवली: ३१ ग्रॅम. तेलाच्या प्रत्येक ग्रॅममध्ये ९ कॅलरी. म्हणजे २८० कॅलरी नुसत्या कोपऱ्यात, आणि भाजीने आत शोषलेलं तेल वेगळंच. चवीत काही फरक पडला नाही, याचं मला जास्त आश्चर्य वाटलं. तेव्हापासून रस्सा आला की वही पुढे येते. तिच्या कव्हरवरचे डाग बघून पाहुणे विचारतात.

पण काढून टाकता येईल एवढं तेल तवंगातच दिसतं. वांगी, बटाटे, पाव, कुरकुरीत आवरणं हे सगळे स्पंज आहेत. प्यायलेलं तेल ते परत देत नाहीत. म्हणून निवड मागवतानाच करायची. जेवणात तेलाला लपायला जागा नसेल असे पदार्थ घ्या: भाजलेला मासा किंवा कोंबडी, उकडलेलं, वाफवलेलं, पातळ सूप, कोरा भात, उकडलेला बटाटा, सॅलड. ‘क्रिस्पी’, ‘क्रीमी’, ‘बटर’, ‘चीज’, ‘लोडेड’ हे शब्द मेनूवर दिसले की ते आकडे वाचल्यासारखे वाचा. सॅलडलाही भुलू नका. त्यावरचं मलईदार ड्रेसिंग दोन मोठे चमचे असलं तरी शंभर-दीडशे कॅलरी सहज असतात, आणि बहुतेक ठिकाणी ते दोन चमच्यांवर थांबत नाहीत. ड्रेसिंग, सॉस आणि ग्रेव्ही वेगळी मागा. ‘तेल कमी घाला’ असं सांगण्यापेक्षा ‘सॉस वेगळा द्या’ सांगणं जास्त चालतं, कारण पहिलं स्वयंपाक्याच्या मर्जीवर असतं आणि दुसरं डब्यात डोळ्यांना दिसतं.

ताटाची विभागणी अशी ठेवा: निम्मं भाज्या, पाव हिस्सा प्रथिनं, पाव हिस्सा भात, पाव किंवा बटाटा. हॉटेलातून येणारं ताट नेमकं याच्या उलट असतं. म्हणून पहिला घास घेण्याआधी भात-पावाचा निम्मा भाग दुसऱ्या भांड्यात काढा आणि झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा. जेवता जेवता ‘निम्म्यावर थांबेन’ असं ठरवणाऱ्यांपैकी मी आहे, त्यामुळे ते किती वेळा जमतं हे मला विचारू नका.

आधी सूप किंवा भाज्या खायच्या आणि मग बाकीचं. ज्या अन्नात पाणी आणि तंतू जास्त, ते पोटात जागा अडवतं आणि कॅलरी कमी देतं. मागून येणारं जेवण आपोआप घटतं.

मागवण्याची वेळही ठरलेली हवी. भूक लागल्यावर ॲप उघडलं की बोट तळणाकडेच जातं. दुपारच्या वाडग्यानंतर, पोट भरलेलं असताना, रात्रीची ऑर्डर ठरवून टाका. ‘आणखी एवढ्याचं मागवा आणि डिलिव्हरी फुकट’ ही सूचना दिसली तर डिलिव्हरीचे पैसे भरा. मी त्या फुकट डिलिव्हरीपायी किती गोड पदार्थ घरी आणले आणि अर्थातच खाल्ले, त्याचा हिशोब नको.

दोन-तीन जागा आणि त्यातले चार-पाच पदार्थ पक्के करा. एकदा घरी आणून काट्यावर ठेवा, अंदाज बांधा, पुढे तेच मागवत राहा. लग्नकार्य, वाढदिवस, मित्रांची बैठक असेल त्या दिवशी मोजमाप सोडा. आठवड्यातल्या २१ जेवणांतल्या एकाने काही बिघडत नाही. बिघडतं ते ‘आता मोडलंच आहे तर’ म्हणत पुढचे तीन दिवस सुटल्यामुळे.

पिणं

साखर घातलेल्या पेयाच्या एका ३३० मिलीच्या डब्यात ३५ ग्रॅमच्या आसपास साखर असते, १४० कॅलरी, आणि पोटाला पत्ताही लागत नाही. फळांच्या रसाचंही तेच. मद्यात दर ग्रॅमला ७ कॅलरी, वर सोबतचं चटकमटक. पाणी, बिनसाखरेचा चहा-कॉफी, सोडा चालेल. गोडाशिवाय जमतच नसेल तर शून्य कॅलरीचं पेय साखरेच्या पेयापेक्षा नक्की परवडलं.

पाकीटबंद खाण्याबद्दल

चूल नसली की घरात पाकिटं वाढतात, म्हणून हे सांगायला हवं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २० जणांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे कमी प्रक्रिया केलेलं जेवण दिलं. समोर मांडलेल्या दोन्ही जेवणांत कॅलरी, साखर, मीठ, तंतू यांचं प्रमाण सारखं ठेवलं होतं, आणि हवं तितकं खायची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेलं खाताना लोक दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन बसले. म्हणजे आपण इतकी खटपट करून जी तूट उभी करतो, बरोबर तेवढ्याच.

याचा अर्थ पाकीट म्हटलं की वाईट, असा नाही. ओट्स, साधं दही, डबाबंद मासे, गोठवलेल्या भाज्या हेही पाकिटातच येतात. फरक घटकांच्या यादीत असतो. यादीतली वस्तू तुम्ही सुटी विकत घेऊ शकाल का, एवढं बघा. आणि जे उघडल्यावर अर्ध्यात बंद करता येत नाही ते खोलीत आणूच नका. दुकानात पाच मिनिटं मन आवरणं सोपं. रात्री अकरा वाजता, पाकीट दोन हात अंतरावर असताना, अवघड.

हालचाल आणि झोप, थोडक्यात

७० किलोच्या माणसाने एक किलोमीटर चाललं तर साधारण ५० कॅलरी खर्च होतात. तासभर चालून मिळवलेलं एका मोठ्या मुठीतल्या दाण्यांत जातं. तरी चाला, कारण रोजच्या चालण्याने तूट सांभाळणं सोपं होतं आणि डोकं ताळ्यावर राहतं. आठवड्याला १५० मिनिटं, आणि दोन दिवस स्नायूंना ओझं: उठाबशा, भिंतीला किंवा जमिनीवर हात टेकून जोर, सामानाने भरलेली पिशवी ओढणं-उचलणं. हे चरबी जाळण्यासाठी कमी, स्नायू राखण्यासाठी जास्त. पोटाचे व्यायाम करून पोटाची चरबी जात नाही; ती कुठून आधी निघणार हे शरीर ठरवतं. आणि ती निघते तरी कुठून? बहुतांश श्वासावाटे. १० किलो चरबी जळते तेव्हा ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडते, उरलेली पाणी होऊन. घाम गाळणाऱ्या पट्ट्यांची जाहिरात दिसली की मला हे आठवतं.

झोपेचं: २०१० मधल्या एका छोट्या प्रयोगात तेच लोक, तितकंच खाणं, पण एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास अंथरुणात. दोन आठवड्यांत वजन दोन्ही वेळा जवळपास सारखंच उतरलं, पण कमी झोपेत त्यातला चरबीचा वाटा निम्म्याहूनही खाली आला. उरलेलं गेलं चरबी सोडून बाकीच्या शरीरातून, त्यात स्नायूही आले.

काटा थांबला तर

तीन आठवडे सरासरी आणि टेप, दोन्ही हलले नाहीत, तरच ‘थांबला’ म्हणायचं. आधी चोरवाटा शोधा. १९९२ मध्ये अमेरिकेत, आपण १,२०० कॅलरींच्या आत खातो तरी वजन हलत नाही असं सांगणाऱ्या लोकांची तपासणी झाली. ते जेवढं खात होते त्यातलं सरासरी ४७ टक्के नोंदलंच जात नव्हतं, म्हणजे खाणं नोंदीच्या जवळपास दुप्पट होतं, आणि चयापचय ठणठणीत होतं. ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. माझी बदामांची मूठही तशी प्रामाणिकच होती. चार दिवस सगळं काट्यावर ठेवा: तेलाचा चमचा, चहातलं दूध, सहकाऱ्याच्या ताटातला घास.

सगळं चोख निघालं तर नव्या वजनावर गणित पुन्हा करा, कारण हलक्या शरीराला कमी लागतं. मग दिवसाचे १०० ते १५० कमी करा, बाहेरच्या जेवणातल्या भात-पावातून. बरणी आणि वाडग्याला हात लावू नका. आणि तीन-चार महिने सलग तुटीत असाल तर दोन आठवडे वजन स्थिर राहील इतकं खा. भूक निवळते, झोप सुधारते, काटा पाण्यामुळे किलोभर वर जाऊन तिथेच उभा राहतो.

कंबर उंचीच्या निम्म्यावर आली की तूट हळूहळू भरून काढा, दर आठवड्याला दिवसामागे १५० कॅलरी वाढवत, वजन स्थिरावेपर्यंत. ही वाढ सकाळच्या बरणीत करा: ओट्स थोडे जास्त, वर दाणे, आता मोजून ३० ग्रॅम. माझ्या खोलीत आता गॅस आहे. बरणी अजून फ्रिजमध्येच आहे, वही मात्र बदलावी लागली.